लार्नाकाची झेनोबिया बघायची असेल तर

सायप्रसला जाताय आणि डायव्हिंगचं सर्टिफिकेट आहे, तर लार्नाका शहराजवळ समुद्रात बुडालेलं झेनोबिया जहाज सोडू नका. स्वीडनची फेरीबोट, १७२ मीटर लांब, पहिल्याच सफरीत बॅलास्ट (तोल सांभाळायच्या) टाक्यांत पाणी शिरून कलली आणि ७ जून १९८० ला बंदराजवळच बुडाली, पोटात शंभरावर ट्रक. माणसं सगळी वाचली.

सर्टिफिकेट म्हणजे मालवणला हात धरून पाण्यात नेतात ते नाही हां, त्याच्यावर तिथे कोणी उतरवणार नाही. जहाज डाव्या कुशीवर आडवं झालंय, वरची बाजू साधारण १७ मीटरवर आणि तळ ४२ वर. ओपन वॉटर, म्हणजे पहिलाच कोर्स केलेल्यांना १८ मीटरची मर्यादा, म्हणजे नुसती वरची कड बघून परत, त्यामुळे पुढचा अॅडव्हान्स्ड कोर्स करूनच जा, ३० पर्यंत उतरता येतं आणि जमलं तर नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजनवाल्या हवेचा) कोर्सपण करा, खाली थोडा जास्त वेळ मिळतो.

आता खरं सांगायचं ते हे. जहाज आडवं असल्याने डेक भिंतीसारखा उभा दिसतो, त्याच्या कडेने उतरत गेलात की खाली वाळूत ट्रकांचा ढीग, चाकं वर करून पडलेले, टायर अजून तसेच, आणि बघता बघता खोली किती झाली ते कळतच नाही. ३० मीटरवर हवा वरच्यापेक्षा चौपट वेगाने संपते. मी एका ट्रकच्या चाकाकडे बघत राहिले आणि गाइडने हवेच्या गेजवर बोट ठेवलं तेव्हा ७० बार, म्हणजे टाकीत थोडीच हवा उरलेली! छातीत धस्स झालं. आधी सगळ्यात खोल जायचं, मग हळूहळू वर, दर दोन मिनिटांनी गेज बघायचं आणि शेवटी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचंच.

आत मात्र शिरू नका, प्लीज. दार दिसलं की मोह होतो, पण आत जमीन भिंत झालेली असते, गाळ उडाला की दिशा कळत नाही, त्यासाठी रेक (बुडालेल्या जहाजातल्या) डायव्हिंगचं वेगळं ट्रेनिंग, दोरी, जादा हवा लागते.

उन्हाळ्यात पाणी मस्त कोमट असतं, हिवाळ्यात जाड सूट घ्या. बोटीने दहाएक मिनिटांत पोचता. आणि डाइव्ह ट्रिपच्या सुरुवातीलाच ठेवा, दोन डाइव्ह केलेत तर विमानाआधी किमान १८ तास पाण्याबाहेर राहावं लागतं.