अपडेट मारण्याआधी पुरावा हातात घ्या

प्रोग्रॅमच्या चुकीने नुकसान झालं की हेल्पलाइनवरून ठरलेलं उत्तर येतं: अपडेट करा, नाहीतर काढून पुन्हा टाका. लगेच ऐकू नका. माझा जमाखर्चाचा प्रोग्रॅम एकच पावती दोनदा नोंदवत होता. मी सांगितल्याबरोबर अपडेट मारला. चूक गेली, आणि ती होती हे दाखवायला माझ्याकडे काहीच उरलं नाही.

आधी आवृत्तीचा क्रमांक टिपा, शेवटच्या टिंबानंतरच्या आकड्यांसकट. मग डेटा आणि लॉग फाइल (प्रोग्रॅमने काय केलं याची तो आपोआप ठेवतो ती नोंद) दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

नंतर त्या प्रतीवर चूक पुन्हा घडवून बघा, घड्याळ दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग लावून. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. थेरॅक-२५ या रेडिएशन यंत्राने १९८५ ते १९८७ दरम्यान सहा रुग्णांना बेसुमार मात्रा दिली. कंपनीला चूक सापडत नव्हती. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या एका रुग्णालयातला भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी ऑपरेटर यांनी तीच नोंद पुन्हा पुन्हा करून पाहिली, तेव्हा कळलं की स्क्रीनवरची नोंद फार भरभर दुरुस्त केली की यंत्र चुकतं. म्हणून कोणती कळ दाबली एवढंच नाही, किती वेगाने दाबली तेही लिहा.

आता कायद्याकडे वळा. प्रोग्रॅम 'आहे तसा' देतो, चुकांची हमी नाही, या अटीला 'मान्य' म्हटलं म्हणून सगळे हक्क गेले असं समजू नका. सदोष उत्पादनाने झालेल्या नुकसानीची जबाबदारी ठरवणाऱ्या युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशात सॉफ्टवेअर हे उत्पादनच धरलं आहे, आणि तिथली जबाबदारी करारात लिहून झटकता येत नाही. ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या उत्पादनांना तो लागू होतो. त्यात शारीरिक इजा, मालमत्तेची हानी, खासगी वापरातला डेटा नष्ट होणं हे येतं. माझ्यासारखं धंद्यातलं निव्वळ पैशाचं नुकसान मात्र बसत नाही. तिथे करार काढून दोनच कलमं शोधा: भरपाईची कमाल मर्यादा आणि तक्रार कळवायची मुदत.

तक्रार ईमेलनेच करा. फोनवर बोलणं झालंच, तर त्याच दिवशी 'आपलं असं बोलणं झालं' म्हणून मेल टाका. आणि पहिल्याच मेलमध्ये लिहा, 'या आवृत्तीचे तुमच्याकडचे लॉग आणि चुकांच्या नोंदी जपून ठेवा.' त्या निर्देशाखाली कोर्टाने मागितलेला पुरावा कंपनीने दिला नाही, तर उत्पादन सदोष होतं असं गृहीत धरलं जातं.