फ्रिजच्या दाराला नळ

दादा घरी बिअर बनवतो आणि मी फ्रिज उघडून बसते. आमच्यातली ही वाटणी जुनीच आहे. बाबा फ्रिज दुरुस्त करायचे आणि त्यांच्या हातात पाना-पक्कड द्यायचं काम माझं असायचं. त्यामुळे बाटल्या धुऊन-धुऊन वैतागलेला दादा एक दिवस आपला जुना छोटा फ्रिज उचलून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "याला नळ बसवून दे." नळ एका रविवारी बसला. त्यातून धड एक ग्लास भरायला पुढचे तीन आठवडे गेले. म्हणून कापाकापीचं थोडक्यात सांगते, फेसाचं सविस्तर.

हत्यार उचलायच्या आधी पुठ्ठा उचला. घरगुती कामासाठी सगळ्यात सोयीचा तो १९ लिटरचा उंच, सडपातळ स्टीलचा केग, म्हणजे बाटल्यांऐवजी बिअर भरायचं पिंप. हे केग मुळात शीतपेयांच्या सिरपसाठी निघाले आणि पुढे घरी बिअर बनवणाऱ्यांनी आपलेसे केले. त्याचा व्यास साधारण २२-२३ सेंमी आणि उंची ६३-६४ सेंमीच्या आसपास असते. या मापाचं पुठ्ठ्याचं नळकांडं करा, फ्रिजमध्ये उभं करा आणि दार लावून बघा. मी दार उघडं ठेवूनच मापं घेतली, खूश झाले, आणि दार लावल्यावर बाटल्यांच्या कप्प्यांनी नळकांडं चेपलं. फ्रिजच्या मागच्या बाजूला तळाशी कॉम्प्रेसरची पायरी असते. केग तिच्यापुढे सपाट तळावर बसायला हवा. बिअरला नळाकडे ढकलणारा कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर पायरीवर उभा राहतो, त्याला पट्ट्याने बांधून टाका. भरलेला केग २३-२४ किलोंचा होतो, तेव्हा काचेचे कप्पे काढून ठेवा आणि तळाला प्लायवुडचा तुकडा घाला.

वर बर्फाचा डबा असलेला फ्रिज शक्यतो घेऊ नका. त्या डब्याच्या पत्र्यातूनच फ्रिज गार करणारा गॅस फिरत असतो. तो पत्रा वाकवून जागा करणारे लोक आहेत, आणि वाकवताना नळी चिरून फ्रिज भंगारात घालणारेही. बाबांकडे येणाऱ्या फ्रिजमध्ये सुरीने बर्फ खरवडताना भोक पाडलेले कितीतरी असायचे. "बर्फ आपणहून वितळतो, तुम्हाला कसली घाई?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

भोक पाडायचं ते दारालाच. छताला भोक पाडून वर नळाचा खांब उभारला तर दिसायला झकास, पण हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये गरम नळ्या बाजूच्या पत्र्यामागे, कधी छताखालीही लपवलेल्या असतात. फ्रिज चालू असताना बाजूला हात लावला की त्या ऊन लागतात. अनेक छोट्या फ्रिजमध्ये गार करणारा गॅस म्हणून आयसोब्युटेन भरलेला असतो आणि तो पेट घेतो. अशा ठिकाणी अंदाजाने ड्रिल चालवायचं नसतं. दारात मात्र यातली एकही नळी नसते. बाहेर पत्रा, मध्ये फोम, आत प्लास्टिक, बस्स. कधी दिव्याची किंवा डिस्प्लेची वायर असते, तेवढी पाहून घ्या आणि प्लग काढून ठेवा.

दारातले कप्पे करवतीने कापले आणि उघड्या पडलेल्या फोमवर पातळ प्लास्टिकची शीट बसवून कडा अॅल्युमिनियमच्या टेपने बंद केल्या. फोममध्ये ओल शिरली की दार घाम गाळायला लागतं. कडेचं रबरी गास्केट जसंच्या तसं राहू द्या. नळामागची आटे असलेली स्टीलची नळी दाराच्या जाडीपेक्षा लांब हवी. आमची १० सेंमीची होती. भोकाची जागा ठरवताना दोन गोष्टी बघायच्या: नळाखाली ग्लास तिरका धरता आला पाहिजे, आणि दार लावल्यावर आतलं टोक केगवर आपटता कामा नये. आधी ३ मिमीचं बारीक भोक, मग २२ ते २५ मिमीची गोल करवत, बाहेरून आत, सावकाश. पत्र्याची धार कानशीने मोडा. बोट कापल्यावर मला ते आठवलं.

जोडणी सोपी आहे. सिलिंडरवर रेग्युलेटर, त्यातून नळी केगच्या गॅसच्या तोंडाला. दुसऱ्या तोंडातून बिअरची नळी दाराच्या नळाला. दोन्ही तोंडं दिसायला सारखी, पण मापात किंचित फरक. गॅसच्या आखूड नळीचं टोक केगच्या वरच्या भागात संपतं, बिअरची नळी तळापर्यंत जाते. कनेक्टर बहुधा करडा गॅसचा आणि काळा बिअरचा. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर तुम्ही उलटं जोडताय. दादाने एकदा बसवलाच होता; तो काढायला मला अर्धा तास लागला.

गॅस सोडून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. मी सगळे क्लँप तपासले आणि रेग्युलेटर नि सिलिंडर यांच्यामधला वॉशर विसरले. दोन दिवसांत सिलिंडर रिकामा. रेग्युलेटरवरच्या दाबाच्या काट्यावरून ते कळलंही नसतं, कारण आत द्रवरूप कार्बन डायऑक्साइड शिल्लक असेपर्यंत दाब जवळपास तेवढाच राहतो आणि मग एकदम कोसळतो. शिवाय सिलिंडर गार झाला की काटा खाली येतो आणि नवखा माणूस घाबरतो. किती गॅस उरला हे वजनावरूनच कळतं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं. हा वायू हवेपेक्षा जड आहे, खाली साचतो आणि बंद खोलीत जिवावर बेततो. फ्रिज कोंदट कोनाड्यात ठेवू नका.

आता फेस. पहिला ग्लास पाऊण भरला तो नुसत्या फेसाने. दुसराही. दादा लगेच म्हणाला, "दाब कमी कर." सगळे हेच करतात आणि इथेच फसतात. बिअरमध्ये गॅस किती विरघळून राहील हे तापमान आणि दाब मिळून ठरवतात. ३-४ अंश सेल्सियसला ०.८ बार, म्हणजे सुमारे १२ पीएसआय, दाब ठेवला की एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटरच्या आसपास गॅस राहतो, आणि बहुतेक बिअरना तेवढा मानवतो. दाब उतरवला की जादा गॅस बाहेर यायला बघतो, नळीत बुडबुड्यांचे पट्टे दिसतात, फेस आणखी वाढतो आणि काही दिवसांनी बिअर मिळमिळीत होते. आम्ही हे सगळं यथासांग करून पाहिलं.

खरा दोष नळीचा होता. मी नीटनेटकेपणाच्या हौसेने तिला कापून एक मीटर केलं होतं. बिअर ०.८ बारने निघते आणि नळाशी तिला जवळजवळ शून्यावर यायचं असतं. हा दाब वाटेत नळीच्या भिंतींना घासत हळूहळू उतरला पाहिजे. नाहीतर तो तोंडाशी एकदम सुटतो आणि गॅस उसळतो. आतून साधारण ५ मिमी व्यासाची, ३ मीटर लांब नळी घेतली, केगच्या माथ्यावर वेटोळं करून ठेवली आणि त्याच संध्याकाळी बिअर शांतपणे उतरली. कापायची झालीच तर थोडी थोडी कापा. कापलेली नळी लांब होत नाही.

तरी पहिल्या ग्लासाला फेस जास्तच यायचा, पुढचे बरे. याचा अर्थ वरची नळी गरम. छोट्या फ्रिजमध्ये तळ आणि माथा यांच्यात काही अंशांचा फरक सहज पडतो. कॉम्प्युटरमधला छोटा १२ व्होल्टचा पंखा तळाशी ठेवला आणि गार हवा वर ढकलली. थर्मोस्टॅटच्या चकतीवरचे आकडे अंश नसतात, तेव्हा वेगळा तापमान नियंत्रक लावून त्याचा सेन्सर केगला चिकटवा, वरून फोमचा तुकडा बांधा. हवेचं तापमान मोजत बसलात तर दार उघडलं की कॉम्प्रेसर धावेल.

नव्या केगमध्ये गॅस मुरायला याच दाबावर एक ते दोन आठवडे द्या. दाब वाढवून केग हलवत बसण्याची युक्ती दादाने एकदा केली. मग जादा गॅस काढण्यात दोन दिवस गेले. भरताना नळ एका झटक्यात पूर्ण उघडा. काटकसरीने अर्धवट उघडलेला नळ फेसच देतो.

साफसफाई दादाकडे आहे, लेखी ठरलंय. दर दोन आठवड्यांनी आणि प्रत्येक केग संपल्यावर नळीतून अल्कलीचं क्लीनर फिरवायचं, हातमोजे आणि चष्मा घालून, मग भरपूर पाणी. नळ खोलून ब्रशने घासायचा. केगचं झाकण उघडण्याआधी दाब पूर्ण सोडायचा. मागच्या महिन्यात त्याने एक पाळी चुकवली आणि बिअरला लोण्यासारखा वास आला. त्याने आधी यीस्टला दोष दिला. मी काही न बोलता नळाचं तोंड काढून त्याच्या नाकापुढे धरलं.