उणे वीसमध्ये गाडी काढायचीय? मग तयारी आदल्या रात्री करा

सकाळी गाडी स्टार्ट झाली नाही की आपण थंडीला शिव्या घालतो, पण खरं सांगायचं तर घोळ आदल्या रात्रीच झालेला असतो. सगळ्यात आधी बॅटरी बघा. उणे 18 च्या आसपास साध्या लेड-ॲसिड बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि नेमकं त्याच वेळी ऑइल घट्ट झालेलं असतं म्हणून स्टार्टरला जोर जास्त लागतो, म्हणजे दोन्हीकडून मार. बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर मोसमाआधीच टेस्ट करून घ्या, टर्मिनलवर पांढरा थर आला असेल तर घासून काढा. फुल चार्ज बॅटरी सहसा गोठत नाही, उतरलेली मात्र उणे सात-आठलाच गोठू शकते, आणि अशी गोठलेली किंवा फुगलेली बॅटरी जंप स्टार्ट करायच्या भानगडीत अजिबात पडू नका, फुटते.

कूलंटचं एक गंमतशीर आहे. जास्त घातलं की जास्त सेफ असं वाटतं ना? नुसतं इथिलीन ग्लायकोल (कूलंटमधलं मुख्य रसायन) उणे 13 च्या आसपासच गोठतं, पण त्यात निम्मं पाणी घातलं की तेच उणे 37 पर्यंत टिकतं. त्यामुळे प्रमाण पाळा. ऑइल 0W किंवा 5W वालं (म्हणजे थंडीतही पातळ राहणारं), मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. डिझेल गाडी असेल तर टाकीत विंटर डिझेलच हवं, साध्या डिझेलमधलं मेण थिजून फिल्टर चोक होतो, आणि ॲडिटिव्ह घालायचं तर ते थिजायच्या आधी, नंतर घालून काही उपयोग नाही.

टायरची हवा दर पाच-सहा डिग्रीला साधारण एक पीएसआय कमी होते, म्हणून सकाळी गाडी गार असतानाच चेक करा. विंटर टायर असतील तर चारही बसवा, दोनच बसवले तर एक टोक धरतं आणि दुसरं घसरतं.

रात्री पार्क करताना वायपर उभे करून ठेवा, दाराच्या रबराला सिलिकॉन लावा, जागा सपाट असेल तर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये), नाहीतर ब्रेक चिकटून बसतो. काचेवर गरम पाणी ओतू नका हो, तडा जातो, स्क्रॅपर घ्या.

टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. ब्लँकेट, फावडं, टॉर्च, थोडी वाळू डिकीत टाका, पण फावडं नुसतं चाकं मोकळी करायला नाही हां, बर्फात अडकलात आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी सायलेन्सरच्या तोंडाजवळचा बर्फ उपसायचा, कारण ते बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वासच नसतो. इंजिन दर तासाला दहा-एक मिनिटंच चालवा, एक काच बोटभर उघडी ठेवून.