संगीतातल्या पडद्यामागच्या माणसाची मुलाखत कशी घ्यावी

स्टुडिओत वाजवणारे वादक, अरेंजर, रेकॉर्डिस्ट यांना बोलतं केलं की पहिली वीस मिनिटं मोठ्या नावांच्या आठवणींत जातात. अमुक गायक किती साधे होते, तमुक संगीतकार कसे भडकायचे. हे किस्से त्यांनी शेकडो वेळा सांगितलेले असतात आणि त्यांत त्यांचं स्वतःचं काम जवळपास कुठेच नसतं. मुलाखत घेणाऱ्याने ते काम बाहेर काढायचं असतं: काय वाजवलं, कसं शिकले, पैसे कसे मिळाले, काम कधी आणि का आटलं. यासाठी गोड स्वभावापेक्षा तयारी जास्त लागते.

आधी कामांची यादी

भेटण्यापूर्वी एक तक्ता करा. रकाने सहा: वर्ष, ध्वनिमुद्रण, कंपनी किंवा निर्माता, या व्यक्तीचं काम, सोबतचे लोक आणि ही माहिती कुठून मिळाली. शेवटचा रकाना कधीही गाळू नका. सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर तोच उपयोगी पडतो.

वर्षांच्या बाबतीत फसायला होतं. आवरणावर वर्तुळातला ‘पी’ आणि त्यापुढे वर्ष असतं. ते त्या ध्वनिमुद्रणाच्या प्रथम प्रकाशनाचं. वर्तुळातला ‘सी’ आवरणावरची चित्रं आणि मजकूर यांच्या हक्काचा. पुनर्प्रकाशनात ही दोन वर्षं वेगळी असू शकतात, आणि प्रत्यक्ष रेकॉर्डिंग या दोन्हींच्या कितीतरी आधी झालेलं असू शकतं. आयएसआरसी हा प्रत्येक ध्वनिमुद्रणाला ओळख म्हणून दिला जाणारा १२ अक्षर-अंकांचा कोड मिळाला तर त्यातलं सहावं आणि सातवं स्थान वर्षाचं असतं, पण ते कोड दिल्याचं वर्ष आहे. जुन्या गाण्याला डिजिटल आवृत्तीच्या वेळी कोड मिळाला असेल तर तिथे ०५ किंवा १२ दिसेल. त्यावरून ‘हे २००५ चं रेकॉर्डिंग’ असं लिहिणारे लेख सर्रास सापडतात.

आवरणावर नाव नाही म्हणजे ती व्यक्ती तिथे नव्हती असंही धरू नका. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या असंख्य गाजलेल्या गाण्यांवर फंक ब्रदर्स हा वादकांचा ताफा वाजवत होता, पण त्यांना आल्बमवर श्रेय मिळालं ते मार्विन गे यांच्या १९७१ च्या आल्बमवर. म्हणून वादकाच्या घरी काय आहे ते विचारा: मानधनाच्या नोंदवह्या, रोजनिशी, नोटेशनचे कागद, स्टुडिओतले फोटो. नोटेशनच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली तारीख दहा आठवणींपेक्षा भरवशाची.

मांडणी आणि माईक

रेकॉर्डर असा लावा: डब्ल्यूएव्ही फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माईकला तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते, दोन स्वतंत्र ट्रॅकला एक जीबीच्या थोडी वर. विचारणारा आणि सांगणारा, दोघांना वेगळे माईक द्या. कॉलरला लावायचा माईक वादकांसाठी गैरसोयीचा ठरतो. हात हलतात, वाद्याचा पट्टा घासतो आणि ऐन महत्त्वाच्या वाक्यावर खरखर येते. स्टँडवरचा माईक तोंडापासून २० ते ३० सेंटिमीटरवर, किंचित तिरका ठेवा.

बोलण्याची पातळी अशी लावा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. पण हे लोक बोलता बोलता वाद्य उचलतात, आणि वाद्याचा आवाज बोलण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये पातळी शून्यावर, म्हणजे कमाल मर्यादेवर, गेली की तो भाग फाटतो आणि नंतर धड दुरुस्त होत नाही. वाद्यासाठी तिसरा माईक आधीच लावून त्याची पातळी खाली ठेवा. ते जमत नसेल तर वाद्य हातात घेतल्याबरोबर गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण, उतरवा.

रेकॉर्डरची आपोआप पातळी बदलणारी सोय बंद करा. ती शांततेत पंख्याचा आवाज वर ओढते आणि वाजवण्यातला लहान-मोठेपणा सपाट करते. मोबाइल वापरायची वेळ आली तर गोंगाट कमी करणारी सोय बंद करा, कारण तानपुऱ्यासारखा सलग सूर तिला गोंगाटच वाटतो आणि ती तो पुसून टाकते. शेवटी सर्वांना गप्प बसवून अर्धा मिनिट खोलीचा आवाज घ्या. संपादनात तुकडे जोडताना तो लागतो.

गाणं ऐकवा, मग विचारा

वादकाच्या आठवणी वर्षांच्या हिशेबाने साठवलेल्या नसतात. त्या कानांत आणि बोटांत असतात. ‘त्या काळात कसं वाटायचं?’ या प्रश्नाला उत्तर मिळतं, ‘फार छान दिवस होते.’ तेच गाणं लावून ‘हा तुकडा तुम्हीच वाजवलाय ना? इथे सूर जरा दाबल्यासारखा का येतो?’ असं विचारा. मग माईक किती लांब होता, वाद्यावर काय टाकलं होतं, शेजारी कोण होतं, सगळं येतं.

गाणं मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका. बास गिटारची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, आणि तो आवाज एवढ्याशा स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. बास वाजवणाऱ्यापुढे त्याचंच काम नसलेलं गाणं ठेवल्यासारखं होतं. चांगले हेडफोन द्या, २० ते ३० सेकंद ऐकवा, थांबवा, मग प्रश्न. ऐकवण्याआधी गाण्याचं नाव आणि मिनिट-सेकंद मोठ्याने बोला, म्हणजे ते रेकॉर्डिंगमध्ये येतं. हेडफोनमुळे मूळ गाणं तुमच्या फाइलमध्ये शिरत नाही आणि पुढे प्रकाशित करताना हक्कांचा प्रश्नही येत नाही.

वर्ष आठवत नसेल तर यंत्रं विचारा. तबकडीच्या एका बाजूला तीनच मिनिटं होती म्हणून अंतरा कापला, असं कुणी सांगितलं तर तो दहा इंची ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांचा काळ. एलपी १९४८ मध्ये बाजारात आली, कॅसेट १९६३ मध्ये, सीडी १९८२ मध्ये. मिडी (इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडण्याची पद्धत) १९८३ पासून, डॅट (डिजिटल ध्वनिफीत) १९८७ पासून. यातून ‘त्याआधीचं नाही’ एवढंच सिद्ध होतं. अनेक स्टुडिओंनी जुनी यंत्रं पुढे वर्षानुवर्षं वापरली, त्यामुळे वरची मर्यादा दुसऱ्या पुराव्याने ठरवावी लागते.

प्रश्न विचारताना

एक बैठक ६० ते ९० मिनिटांची, त्याहून जास्त नको. दोन बैठकींमध्ये आठवडाभर जाऊ द्या. मधल्या दिवसांत त्यांना बरंच आठवतं आणि जुने कागद सापडतात. पहिल्या बैठकीत शिक्षण आणि पहिलं पैसे मिळालेलं काम घ्या. दुसरीत कामाचा एक पूर्ण दिवस घ्या, स्टुडिओत पोचल्यापासून निघेपर्यंत. नोटेशन कोणी लिहिलं, तालमीला किती वेळ मिळाला, चूक झाल्यावर टेक कोण थांबवायचं, तुमच्या जागेवरून कंडक्टर दिसायचा का, ही असली विचारणा. मानधनाचा विषय त्यानंतर काढा आणि आकड्याच्या आधी पद्धत विचारा: पैसे गाण्यामागे की शिफ्टमागे, शिफ्ट किती तासांची, रोख कोणाच्या हातून, रॉयल्टीचा कागद कधी समोर आला का. पद्धत सांगताना आकडा बहुतेक वेळा ओघात येतो.

उत्तर संपलं असं वाटल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. पुढचं वाक्य बहुधा त्याच शांततेत येतं. ‘अरे वा’, ‘हो का’ हे उच्चार टाळा आणि मान हलवा, नाहीतर शब्दांवर शब्द चढतात.

तुमच्या तक्त्यात वेगळं वर्ष असेल तरी तिथल्या तिथे दुरुस्ती करू नका. एकदा ‘तुमचं चुकतंय’ असं वाटलं की माणूस आवरून बोलू लागतो. बोलणं पूर्ण होऊ द्या, मग कागद पुढे ठेवून ‘इथे असं दिसतंय, हे कसं असेल?’ असं विचारा. दोन्ही बाजू नोंदवा. कधी कधी कागदच चुकलेला निघतो.

परवानगी, नोंद, शब्दांकन

रेकॉर्डिंगचा उपयोग कुठे होणार, ते कोणाकडे राहणार आणि कुठला भाग बंद ठेवायचा, हे सुरुवातीला समजावून सांगा. सही मात्र बैठकीनंतर घ्या, कारण आपण काय बोललो हे तोवर कळलेलं असतं. हयात माणसांवरचे आरोप वेगळे काढून त्यांबद्दल स्वतंत्र निर्णय घ्या. मुलाखत देणाऱ्याने वाजवून दाखवलेल्या तुकड्यांचा उल्लेख परवानगीपत्रात वेगळा हवा. वाजवणाऱ्याचा हक्क आणि रचनाकाराचा हक्क एकच नसतो.

त्याच संध्याकाळी तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणींवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. प्रती उघडून ऐकल्याशिवाय कार्ड पुसू नका. फाइलच्या नावात तारीख, आडनाव आणि बैठकीचा क्रमांक असू द्या.

एका तासाच्या शब्दांकनाला चार ते सहा तास धरा. आपोआप शब्दांकन करणारी साधनं माणसांची, वाद्यांची, रागांची आणि यंत्रांची नावं हमखास बिघडवतात. म्हणून बैठकीच्या शेवटी नावांची यादी वाचून दाखवा आणि प्रत्येक नावाचं लेखन त्यांच्याकडून पक्कं करून घ्या. त्यांच्या धंद्यातले शब्द प्रमाण मराठीत बदलू नका. ते ‘पीस’ म्हणाले असतील तर लेखात ‘पीस’च राहू द्या.

मसुदा त्यांना दाखवताना सांगा की नावं, तारखा आणि क्रम तपासा. नाहीतर ते आपली बोलकी वाक्यं भाषणासारखी करून परत पाठवतात. छापल्यावर ध्वनिफितीची एक प्रत आणि तपासलेली कामांची यादी त्यांच्या घरी द्या. आवरणाचा किंवा नोंदवहीचा फोटो हाताशी असेल तर डिस्कॉग्ज, म्युझिकब्रेंझ यांसारख्या इंटरनेटवरच्या खुल्या संगीतसूचींत त्यांचं नाव योग्य गाण्यासमोर जोडा. तिथे स्रोत द्यायचा असतो, आणि तुमच्या तक्त्याचा शेवटचा रकाना भरलेला असेल तर ते काम तासाभरात उरकतं.