तीर्थनच्या ट्राउटसाठी स्वस्तातला पहिला फ्लाय सेट

हिमाचलात ट्राउटची बंदी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चला हंगाम उघडतो, आणि पुण्यामुंबईहून तीर्थन खोऱ्यात जायचं ठरवलेल्यांची चौकशी त्याआधीच सुरू होते: रॉड कोणता घेऊ? माझं उत्तर असं की रॉडवर एवढ्यात येऊ नका. आधी मासा ठरवा, माशावरून फ्लाय (पिसं-केस बांधून किड्यासारखा केलेला गळ), फ्लायवरून लाइनचा, म्हणजे फेकायच्या जाड दोरीचा नंबर, आणि मग त्या नंबरचा रॉड. रीळ सगळ्यात शेवटी. दुकानात बरोब्बर उलटं होतं, कारण काउंटरवर रीळ चकचकतं आणि लाइन बिचारी खोक्यात पडलेली असते.

मासा तर ठरलेलाच आहे. जी. सी. एल. हॉवेल या इंग्रज अधिकाऱ्याने १९०९ मध्ये कुल्लूच्या पाण्यात ट्राउट सोडला, आणि आज तीर्थनमध्ये ब्राउन आणि रेनबो दोन्ही आहेत. किलोच्या वरचा लागला तर गेस्टहाउसवर रात्रभर तोच विषय. एरवी लहानच लागतात. त्यांना चालणाऱ्या फ्लाय १२ ते १६ नंबरच्या, म्हणजे नखावर मावतील एवढ्या. एवढ्याशा फ्लायला चार किंवा पाच नंबरची लाइन पुरते. एकच सेट घेणार असाल तर पाच घ्या. दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो, आणि मणी लावलेली जडशी निंफ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) टाकायची वेळ आली की चार नंबर कुरकुरतो.

पैसे खर्च करायचे ते लाइनवर. कोकणात गरवायला बसलेल्या माणसाचं शिसं पुढे जातं आणि दोरा त्याच्यामागे ओढला जातो. इथे फ्लायला जवळजवळ वजनच नाही. जी फेकली जाते ती लाइन, आणि फ्लाय तिच्या शेपटाला धरून जाते. म्हणून लाइन खराब असली तर भारी रॉडही काही करू शकत नाही, आणि लाइन चांगली असली तर साधा रॉड निभावून नेतो. खोक्यावर डब्ल्यू-एफ-५-एफ लिहिलेलं पाहा: वजन पुढच्या भागात, नंबर पाच, तरंगणारी. बुडणाऱ्या लाइनच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका. डी-टी लिहिलेली लाइन दोन्ही टोकांना सारखीच निमुळती असते. एक टोक झिजलं की उलटी करून वापरता येते, त्यामुळे काटकसर करणाऱ्याला तीही वाईट नाही. लांब फेकायला मात्र नवशिक्याला डब्ल्यू-एफ सोपी.

ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणाऱ्या लाइनवर नंबर छापलेला असतो, पण तो खराच असेल असं नाही. तपासायची रीत सोपी आहे. लाइनचा नंबर पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. टोकाचा एकसारख्या जाडीचा छोटा तुकडा त्यात धरत नाहीत. पाच नंबरला १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम, आणि ६ ग्रेन इकडेतिकडे चालतं. तेवढी लाइन हलक्या हाताने वेटोळं करून सोनाराच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. ८.७ ते ९.५ ग्रॅममध्ये आली तर ठीक. साडेसात भरली तर तो चार नंबर आहे; पाचाचा रॉड त्याने नीट वाकणारच नाही, आणि तुम्ही दोष हाताला देत बसाल. अमेरिकेहून कोणी दिवाळीला येणार असेल तर रॉडची भीड घालू नका, लाइन सांगा. कॉर्टलंड ३३३ सारखी जुनी, साधी लाइनही पुष्कळ झाली, आणि बॅगेत ती कोपऱ्यात मावते.

आता रॉड. नऊ फुटी, पाच नंबर, चार तुकड्यांचा, कार्बनचा, मध्यम ते थोडा कडक. तीर्थनच्या काठावर झाडं झुकलेली आहेत, त्यामुळे साडेआठ फुटी वापरणारेही भेटतील. पण खडकांच्या मधल्या धारेवरून लाइन उचलून धरायला नऊ फूट बरे पडतात. चार तुकड्यांच्या रॉडची नळी साधारण अडीच फुटांची होते. रेल्वेच्या बर्थखाली जाते, बसमध्ये मांडीवर बसते. दोन तुकड्यांचा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, चंदीगडपासून पुढच्या बसमध्ये तो कुठे ठेवणार?

रॉड हातात आला की जोडून पाहा. प्रत्येक सांधा थोडा तिरका धरून बसवायचा आणि दाबता दाबता सरळ फिरवायचा. मग एका डोळ्याने टोकापर्यंत बघायचं, सगळ्या कड्या एका रेषेत आल्या पाहिजेत. सांधा किंचित ढिला वाटला तर नर भागावर मेणबत्तीचं मेण घासून पाहा; त्यानंतरही हलत असेल तर रॉड परत. पुढची तपासणी कापसाच्या बोळ्याची. प्रत्येक कडीतून बोळा फिरवा, विशेषतः टोकाच्या. जिथे तंतू अडकतो तिथे धातूला कंगोरा आहे, आणि तो कंगोरा तुमची चांगली लाइन थोड्याच दिवसांत सोलून काढील. मॅक्सकॅचच्या कमी किमतीच्या रॉडपासून ओर्व्हिसच्या क्लिअरवॉटरपर्यंत कोणताही घ्या, ही दोन मिनिटं सगळ्यांना द्यायची. नामांकित कंपनीच्या रॉडचा एक फायदा मात्र खरा: टोक मोडलं तर तुकडा मिळण्याची आशा असते.

रीळ? एवढ्या ट्राउटसाठी रीळ म्हणजे लाइन ठेवायची फिरकी. मासा बहुतेक वेळा हातानेच लाइन ओढून आणला जातो. साधं टिकटिक करणारं क्लिक-पॉल रीळ चालतं. डिस्क ड्रॅगवाल्यासाठी, म्हणजे पळत्या माशाला ब्रेक लावणाऱ्या रिळासाठी, जास्तीचे पैसे मोजायचं कारण नाही. बघायचं ते एवढंच: फिरकी आणि चौकट यांच्यातल्या फटीत बारीक धागा शिरतो का, फिरकी डुगडुगते का, मूठ उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंनी लावता येते का. फिरकीचा मधला गाभा रुंद असावा. अरुंद गाभ्यावरून लाइन स्प्रिंगसारखी वेटोळी घेऊनच उतरते. लाइनखाली २० पौंडी डेक्रॉनचं पन्नासेक यार्ड बॅकिंग, म्हणजे भरीचा दोरा, भरा. दुकानदार भरून देत असेल तर त्याच्याकडूनच भरून घ्या. लाइन फिरकीच्या काठोकाठ नको, बोट जाईल एवढी जागा राहू द्या.

लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला बांधायचा निमुळता धागा, नऊ फुटी, ४ एक्स किंवा ५ एक्स, आणि टिपेटची (लीडरच्या टोकाला जोडायच्या बारीक धाग्याची) दोन्हींची एकेक छोटी रिळं. एक्सचा आकडा वाढतो तसा धागा बारीक होतो. फ्लायच्या नंबराला तीनने भागलं की साधारण एक्स येतो: चौदाला पाच, बाराला चार. फ्लाय डझनावारी गोळा करू नका. एल्क हेअर कॅडिस, अ‍ॅडम्स, फेझंट टेल आणि हेअर्स इअर निंफ, एखादी काळी वुली बगर, प्रत्येकी तीन-चार. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने चपटा करून टाका, मासा सोडताना त्याचा जबडा फाटत नाही. गाठी दोन पक्क्या करा, फ्लायला क्लिंच आणि टिपेटला सर्जन. बाकीच्या हळूहळू येतील.

जायच्या आधीचे रविवार मैदानात घालवा. लीडरच्या टोकाला लोकरीचा लाल तुरा बांधा आणि हिरवळीवरच फेका. सिमेंटवर किंवा गच्चीवर नको, लाइनचं प्लास्टिकचं आवरण खरवडतं. मागे फेकलेली लाइन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, सगळी गोम त्यात आहे. मान वळवून बघितलं तरी कोणी हसणार नाही. हंगाम दूर असेल आणि हात शिवशिवत असतील तर ओळखीच्या कोणाच्या शेततळ्यात चिलापी पुष्कळ असतात, आणि लहान निंफवर त्या झडप घालतात. धरणावर मात्र परवानगीशिवाय जाऊ नका.

विमानाने जाणार असाल तर फ्लायचा डबा आणि पक्कड चेक-इनच्या सामानात टाका. डास पळवणारं मलम वेगळ्या पिशवीत, आणि ते लावल्यावर हात धुतल्याशिवाय लाइनला हात नाही. त्यातल्या डीट या रसायनामुळे लाइनचं आवरण चिकट होऊन खराब होतं. मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो. खोऱ्यातल्या बंजार-गुशैनीकडचे गेस्टहाउसवाले तो कुठे मिळेल ते सांगतात, म्हणून खोली ठरवतानाच विचारून ठेवा. जुलै-ऑगस्टचं तिकीट स्वस्त मिळालं तरी काढू नका, पाणी गढूळ असतं. मार्च ते जून जमलं नाही तर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत जा.