चार महिन्यांत नोकरी सोडली असेल तर: इंटरव्ह्यूआधीची तयारी

आधी कागद. ऑफर लेटर, राजीनाम्याचा मेल, तो स्वीकारल्याचं उत्तर, रिलीव्हिंग लेटर (कंपनीने कामातून मोकळं केल्याचं पत्र), सगळ्या पगाराच्या स्लिपा आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट एका फोल्डरमध्ये ठेवा. रिलीव्हिंग लेटर मिळालं नसेल तर जुन्या एचआरला आजच लेखी मेल करा. नवी कंपनी तुमची जुनी माहिती पडताळते, त्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या वेळी फोनवर मिळालेलं आश्वासन दाखवता येत नाही.

मग ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पोर्टलवर जाऊन सर्व्हिस हिस्टरी (आजवरच्या नोकऱ्यांची नोंद) उघडा. पीएफ कापला गेला असेल तर ती चार महिन्यांची कंपनी तुमच्या यूएएनखाली (पीएफच्या कायम क्रमांकाखाली) रुजू झाल्याच्या तारखेसकट दिसते. सोडल्याची तारीख भरली आहे का आणि ती रिलीव्हिंग लेटरशी जुळते का, ते तपासा. कंपनीने ती भरलीच नसेल तर शेवटचं योगदान जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःला भरता येते. ही सोय २०२० पासून आहे. तारीख रिकामी राहिली तर पुढे नवीन कंपनीचा पीएफ सुरू झाल्यावर एकाच वेळी दोन नोकऱ्या चालू असल्यासारखं दिसतं. २०२२ साली विप्रोने दुसरीकडेही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं जाहीर झालं, तेव्हापासून हा संशय आयटीत कुणालाच परवडत नाही.

एवढं पाहिल्यावर ती नोकरी रेझ्युमेतून गाळायची की नाही, हा प्रश्न बहुतेकांसाठी उरत नाही. चार महिने केलेलं काम लिहाच. दोन-तीन आठवड्यांचीच नोकरी असेल तर रेझ्युमेत नसली तरी चालेल, असं माझं मत आहे. पण कंपनीच्या फॉर्ममध्ये ‘आजवरच्या सर्व नोकऱ्या’ विचारल्या असतील तर तिथे ती भरायलाच हवी. थोडक्यात आटोपलेल्या नोकरीचं कारण समजून घेणारा माणूस भेटतो. लपवलेली नोकरी व्हेरिफिकेशनमध्ये सापडली, तर हातातली ऑफरही जाते.

आता ‘इतक्या लवकर नोकरी का सोडली?’ याचं उत्तर. यावर एक पूर्ण संध्याकाळ घाला. सोडण्याची कारणं कागदावर सगळी लिहून काढा, रागासकट, आणि त्यातलं एकच निवडा: खरं असलेलं आणि कागदावर दाखवता येणारं. समजा, डेव्हलपमेंटचं काम सांगून घेतलं आणि रुजू झाल्यावर रात्रपाळीच्या सपोर्टला बसवलं. मग उत्तर असं होईल: ‘जावा डेव्हलपर म्हणून रुजू झालो. पहिल्या महिन्यात प्रोजेक्ट बदलला आणि मला प्रॉडक्शन सपोर्ट मिळाला. मॅनेजरशी दोनदा बोललो. वर्षभर तरी बदल होणार नाही हे स्पष्ट झालं. म्हणून नोटीस पूर्ण करून बाहेर पडलो. इथलं काम डेव्हलपमेंटचं आहे, म्हणून अर्ज केला.’ यात कुणाला नावं ठेवलेली नाहीत आणि आपण आधी मार्ग काढायचा प्रयत्न केला हेही आलं. ते मॅनेजरशी बोलल्याचं वाक्य फार मोलाचं आहे. बोलला असाल तरच ते म्हणा.

पगार थकला होता? तसंच सांगा: ‘दोन महिने पगार झाला नाही.’ पुढे एक शब्दही नको, बँक स्टेटमेंट आहेच. आजारपण किंवा घरची अडचण असेल तर ती एका वाक्यात सांगा आणि आता कामाला पूर्ण मोकळे आहात हे दुसऱ्या वाक्यात. आजाराचा तपशील देऊ नका, तो त्यांचा विषय नाही. प्रोबेशनमध्येच कंपनीने काढलं असेल तर ‘मी सोडली’ म्हणू नका. जुना एचआर व्हेरिफिकेशनमध्ये खरं सांगेल.

खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात असते: ‘रुजू होण्याआधी हे विचारलं नव्हतं का?’ याची तयारी फार कमी लोक करून येतात आणि इथेच आवाज चढतो. विचारलं असेल तर कुणाला, केव्हा, काय उत्तर मिळालं ते सांगा. विचारलं नसेल तर ‘नाही, आता विचारतो’ म्हणा आणि तिथल्या तिथे विचारा: टीम कोणती, शिफ्ट कोणती, ऑफिस हिंजवडीत की खराडीत, रिपोर्टिंग कुणाला. ‘इथूनही असेच गेलात तर?’ याचं उत्तरही या प्रश्नांतच आहे.

हे सगळं मनात घोळवून भागत नाही. ज्या भाषेत इंटरव्ह्यू होणार त्या भाषेत मोठ्याने बोला आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. मिनिटभरापेक्षा जास्त लागत असेल तर कापा. घरातल्या कुणालातरी एचआर होऊन उलटे प्रश्न विचारायला लावा. भाऊ-बहीण असली तर उत्तम, ती गय करत नाहीत. त्या चार महिन्यांत केलेलं एखादं ठोस काम, मग तो एक बग का असेना, सांगता येईल असं तयार ठेवा.

आणि निवड झाली तर होकार कळवण्याआधी ऑफर लेटर शांतपणे वाचा. पद, शिफ्ट, ठिकाण, प्रोबेशन आणि नोटीसचा काळ पाहा. इंटरव्ह्यूत तोंडी ठरलेली गोष्ट त्यात नसेल तर मेलवर लिहून मागा.