कॅरॅव्हॅनसाठी डीटीएच छत्री : निवड, जोडणी आणि दिशा

झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली कॅरॅव्हॅन घेऊन कोकणात किंवा ताडोब्याच्या बाजूला चार दिवस मुक्कामाला गेले, की मोबाइलचे नेटवर्क कुठे ना कुठे साथ सोडते. त्यानंतर बातम्या, हवामानाचा अंदाज, क्रिकेटचा सामना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची संध्याकाळची सह्याद्री वाहिनी या सगळ्यांची भिस्त उपग्रहावर येते. घराच्या गच्चीवरची छत्री कंपनीचा माणूस एकदाच बसवून जातो आणि आपण तिच्याकडे पुढची अनेक वर्षे पाहतही नाही. गाडीबरोबर फिरणारी छत्री मात्र प्रत्येक मुक्कामी नव्याने लावावी लागते, त्यामुळे ती कशी लागते हे आपल्याला स्वतःलाच समजलेले असले पाहिजे. एकदा समजले की पंधरा-वीस मिनिटांत काम होते, यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

छत्री विकत घेण्याआधी सेवा ठरवावी, कारण प्रत्येक सेवेचा उपग्रह आकाशात वेगळ्या ठिकाणी असतो. दूरदर्शनची डीडी फ्री डिश, जी डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली, ती ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून मिळते. टाटा प्ले ८३ अंशांवर, डिश टीव्ही ९५ अंशांवर आणि एअरटेलची सेवा १०८.२ अंशांवर आहे. हे सर्व उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याशी जुळणाऱ्या गतीने फिरत असल्यामुळे आपल्याला स्थिर भासतात. महाराष्ट्रातून पाहताना उपग्रह जितका पूर्वेला, तितका तो क्षितिजाच्या जवळ दिसतो. मुंबईहून टाटा प्लेचा उपग्रह सुमारे ६५ अंश उंचीवर, फ्री डिशचा ५८ अंशांवर आणि एअरटेलचा केवळ ४४ अंशांवर असतो. घरी या फरकाला फारसे महत्त्व नाही, पण झाडीत उभ्या केलेल्या गाडीसाठी तो मोलाचा आहे, कारण उपग्रह जितका खाली, तितकी झाडे वाटेत येण्याची शक्यता अधिक.

माझा स्पष्ट कल फ्री डिशकडे आहे. तिला मासिक वर्गणी नाही, त्यामुळे वर्षातून दोन-तीन सहलींसाठी बारा महिन्यांचे पैसे भरावे लागत नाहीत. खासगी सेवेची जोडणी ग्राहकाच्या घरच्या पत्त्यावर नोंदलेली असते, फ्री डिशच्या बाबतीत तोही प्रश्न येत नाही. सेट-टॉप बॉक्स घेताना तो एमपीईजी-४ (चित्र आकुंचित करून पाठवण्याची नवी पद्धत) प्रकारचा असल्याची खात्री करावी, कारण जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर फ्री डिशच्या सगळ्या वाहिन्या दिसत नाहीत. ज्यांना खासगी वाहिन्या हव्याच आहेत, त्यांनी घरचा बॉक्स बरोबर नेण्यापूर्वी कंपनीकडे नियम विचारून घ्यावेत.

टपावर की जमिनीवर?

गाडीच्या छत्रीचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला म्हणजे घुमटाच्या आत बसवलेली, स्वतः फिरून उपग्रह शोधणारी स्वयंचलित छत्री. बोटींसाठी आणि परदेशातल्या मोठ्या कॅरॅव्हॅनसाठी ती बनवली जाते, आणि चालत्या गाडीतही चित्र देणारे तिचे नमुने आहेत. दुसरा प्रकार म्हणजे टपावर कायमची बसवलेली, आतून दांडा फिरवून उभी-आडवी करता येणारी छत्री. तिसरा प्रकार सर्वांत साधा : घरगुती छत्री, तीन पायांचा स्टँड आणि लांब केबल.

घुमटाची सोय मोहात पाडणारी आहे हे खरे, पण तिच्या आतली छत्री लहान असते. केव्हीएच कंपनीच्या ट्रॅकव्हिजन मालिकेतील टीव्ही१ या नमुन्यात ती केवळ ३२ सेंटिमीटर व्यासाची आहे. फ्री डिशसाठी सामान्यतः ६० ते ६५ सेंटिमीटरची छत्री वापरतात. व्यास निम्मा झाला की लहरी गोळा करणारे क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर येते, आणि ही कसर नेमकी पावसात जाणवते, कारण या सेवा रेडिओ लहरींच्या ज्या पट्ट्यात, म्हणजे केयू बँडमध्ये, चालतात तो पावसाच्या थेंबांनी क्षीण होतो. शिवाय घुमट टपावरच असल्याने गाडी झाडाच्या सावलीत उभी केली की छत्रीही सावलीत जाते. आपल्याकडच्या उन्हात गाडी सावलीत आणि छत्री मोकळ्यावर ठेवता येणे हा तिसऱ्या प्रकाराचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि केवळ तेवढ्यासाठी मी तोच निवडावा असे सांगेन.

टपावर कायमची छत्री बसवायचीच असेल, तर आणखी एका गोष्टीचा विचार करावा. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे, त्यामुळे गाडीची उंची वाढणार असेल तर आधी आरटीओकडे विचारणा करणे शहाणपणाचे. टपाला छिद्र पाडायचे ते पत्र्याखालील आडव्या फासळीवरच पाडावे, छिद्राच्या कडांना गंजरोधक रंग लावावा, बैठकीखाली ब्यूटाइलची चिकटपट्टी घालावी आणि वरून प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर छतासाठीचे सीलंट भरावे. ६० सेंटिमीटरची उभी छत्री ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासमोर जवळपास १५ किलोचा जोर सहन करते, म्हणजे ती दुमडायला विसरून महामार्गावर निघालो तर बैठक उखडण्याचा धोका असतो. म्हणून छत्री उघडी असल्याची आठवण देणारी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवावी.

जागा निवडणे

मुक्कामाला पोहोचल्यावर आधी आकाश पाहावे, गाडी कुठे लावायची ते नंतर ठरवावे. फ्री डिशचा उपग्रह महाराष्ट्र-गोव्यातून आग्नेय दिशेला दिसतो. मुंबईत तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास १३१ अंशांवर आणि ५८ अंश उंच, पणजीत १२७ अंशांवर आणि ६१ अंश उंच, तर नागपुरात १४५ अंशांवर आणि ६० अंश उंच असतो. लडाखपर्यंत जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की लेहमध्ये तोच उपग्रह १५३ अंशांवर आणि केवळ ४७ अंश उंचीवर येतो.

एवढ्या उंचीवरच्या उपग्रहाला सह्याद्रीच्या डोंगराचा अडथळा क्वचितच होतो. अगदी कड्याच्या पायथ्याशी उतरलो असू तरच. खरी अडचण झाडांची असते, आणि पाने ओली असली तर अधिकच. हिशेब सोपा आहे : मुंबई-कोकणच्या पट्ट्यात आग्नेयेकडचे झाड छत्रीपेक्षा जितके उंच असेल, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश अंतर मोकळे हवे. वीस मीटर उंचीचा माड असेल तर छत्री त्याच्यापासून किमान तेरा-चौदा मीटर दूर ठेवावी. झावळ्या वाऱ्याने हलतात, म्हणून आणखी दोन मीटर सोडलेले बरे. यासाठीच केबल वीस मीटरची घ्यावी.

ही केबल आरजी-६ जातीची, ७५ ओहमची असावी आणि दोन्ही टोकांना दाबून बसवलेले एफ कनेक्टर असावेत. हाताने पिळून बसवलेले कनेक्टर सतत गुंडाळण्या-उलगडण्यात सैल होतात. मधे जोड शक्यतो टाळावेत, कारण या केबलमधून सेट-टॉप बॉक्स एलएनबीला, म्हणजे छत्रीच्या दांड्यावरच्या लहरी पकडणाऱ्या भागाला, १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा करतो, आणि जोडात पाणी शिरले की चित्र जातेच, शिवाय शॉर्ट सर्किट होऊन बॉक्सलाही इजा पोहोचू शकते. गाडीत केबल आत नेण्यासाठी झाकणाचे जलरोधक सॉकेट बसवावे आणि त्याच्याआधी केबलला खालच्या बाजूने एक झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल.

छत्री लावणे

स्टँडचा खांब काटेकोर उभा असणे ही पहिली अट आहे. गवंड्याचा ओळंबा किंवा लहान पाणसळ बरोबर ठेवावी आणि खांब दोन बाजूंनी तपासावा. खांब तिरका असला तर छत्रीच्या पट्टीवर छापलेले अंश निरुपयोगी ठरतात आणि पुढचे सगळे काम अंदाजावर जाते. किनाऱ्यावर किंवा पठारावर वारा असतो, म्हणून स्टँडच्या मधोमध वाळूची पिशवी किंवा पाण्याचा दहा लिटरचा कॅन टांगावा.

त्यानंतर दिशा. सुरुवातीला मी गाडीच्या दाराशी उभे राहून फोनमधल्या होकायंत्रावर दिशा पाहत असे आणि तासभर उपग्रह सापडत नसे, कारण गाडीचे लोखंड होकायंत्राची सुई भलतीकडे ओढते. गाडीपासून आणि स्टँडपासून चार-पाच मीटर दूर जावे, तेथून हवा तो अंश पाहावा आणि त्या रेषेत दूरवरचे एखादे झाड, मोबाइलचा मनोरा किंवा डोंगराची सोंड खूण म्हणून धरावी. मग स्टँडशी परत येऊन छत्री त्या खुणेकडे वळवावी. खूण दूरची असली की चार पावलांच्या अंतराने फरक पडत नाही.

उंचीचा कोन छत्रीच्या मागील पट्टीवर लावावा. येथे नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. आपल्याकडच्या छत्र्या ऑफसेट प्रकारच्या असतात, म्हणजे एलएनबी समोर मध्यावर नसून खालच्या बाजूने येतो, आणि त्यामुळे छत्री प्रत्यक्ष नजर लावते त्यापेक्षा बरीच खाली पाहत असल्यासारखी दिसते. मुंबईत ५८ अंशांवर लावलेली छत्री आकाशाकडे तोंड करून पडलेली नसते, ती थोडी मागे रेललेली दिसते. डोळ्यांवर विश्वास न ठेवता पट्टीवरच्या आकड्यावर ठेवावा.

तिसरा कोन एलएनबीच्या स्वतःभोवतीच्या फिरकीचा, आणि बहुतेक जण तो विसरतात. लहरी आडव्या आणि उभ्या अशा दोन ध्रुवणांत, म्हणजे कंपनाच्या दोन दिशांत, येतात. उपग्रह आपल्या थेट दक्षिणेला नसला की ही दोन्ही ध्रुवणे आपल्याला तिरपी दिसतात, म्हणून एलएनबीही तितकाच तिरपा करावा लागतो. फ्री डिशसाठी हा तिरपेपणा मुंबईत सुमारे ४५ अंश, पणजीत ५० आणि नागपुरात ३३ अंश येतो. छत्रीच्या मागे उभे राहून उपग्रहाकडे पाहताना एलएनबी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा. हा कोन चुकला तर काही वाहिन्या स्वच्छ आणि काही पूर्ण गायब असा प्रकार होतो, आणि माणूस उगाच बॉक्सला दोष देत बसतो.

आता बॉक्सवरचे सिग्नलचे पान उघडावे. तेथे तीव्रता आणि गुणवत्ता अशा दोन पट्ट्या दिसतात. तीव्रतेची पट्टी केवळ एलएनबी जोडल्यानेही भरते, म्हणून तिच्याकडे लक्ष देऊ नये. गुणवत्तेची पट्टी तेव्हाच उठते, जेव्हा बॉक्सला त्याच्या नोंदीतली लहर खरोखर ओळखता येते. छत्री खुणेच्या डावीकडे दहा अंशांपासून सुरू करून उजवीकडे एकेक अंश सरकवावी आणि प्रत्येक वेळी तीन सेकंद थांबावे, कारण बॉक्सला ओळखायला वेळ लागतो. गुणवत्ता उठलीच नाही तर उंची दोन अंशांनी बदलून पुन्हा तसेच करावे. घाईने फिरवलेली छत्री उपग्रहावरून निघून जाते आणि आपल्याला कळतही नाही.

शिट्टी वाजवणारे स्वस्त सॅटेलाइट फाइंडर मिळतात. ते उपयोगी आहेत, पण कोणत्याही उपग्रहावर वाजतात. फ्री डिशच्या अगदी शेजारी, केवळ दीड अंश पूर्वेला, डिश टीव्हीचा उपग्रह आहे. मुंबईतून तो दोन अंश डावीकडे आणि अंशभर खाली दिसतो. फाइंडर जोरात वाजतो आहे आणि गुणवत्ता मात्र शून्य, असे झाले तर बहुधा आपण या शेजाऱ्याकडे पाहत आहोत असे समजून छत्री किंचित उजवीकडे आणि वर न्यावी.

गुणवत्ता सापडली की आधी आडवी दिशा, मग उंची आणि शेवटी एलएनबीची फिरकी, असे प्रत्येक कोनाचे शिखर वेगवेगळे शोधावे. शिखर शोधण्यासाठी दोन्ही बाजूंना गुणवत्ता सारखी उतरेपर्यंत सरकवून मध्यावर यावे. नट आवळताना छत्री थोडी हलते, म्हणून ते आलटून पालटून आणि पट्टीवर नजर ठेवूनच आवळावेत. चित्र दिसू लागले की बस, असे म्हणून येथे थांबू नये. कोरड्या हवेत अर्ध्या गुणवत्तेवरही चित्र नितळ येते, पण पहिल्या सरीला तेच चित्र आधी तुटते.

विजेचा प्रश्न सहसा मोठा नसतो. चोवीस इंची एलईडी टीव्ही आणि बॉक्स मिळून सुमारे ४०-५० वॉट घेतात, आणि १०० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतून निम्मी वीज वापरली तरी दहा-बारा तास निघतात. बॉक्स १२ व्होल्टवर चालणारा असेल तर इन्व्हर्टरची गरज नाही, मात्र चार्ज होताना बॅटरीचा दाब १४ व्होल्टच्या वर जातो, म्हणून मधे १२ व्होल्ट स्थिर देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवावाच.

मार्चच्या मध्यावर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, ठरावीक वेळी, काही मिनिटे चित्र जाते. त्या वेळी सूर्य आपल्या नजरेत उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट सिग्नल झाकून टाकतो. छत्रीला हात लावू नये, चित्र आपोआप परत येते.

वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडू लागले की केबल बॉक्सपासून काढून गाडीबाहेर ठेवावी. मोकळ्या पठारावर लोखंडी स्टँडवर उभी असलेली छत्री विजेला जवळची वाट देते, आणि त्या वेळी स्टँडजवळही जाऊ नये. निघताना उंचीच्या पट्टीवर आणि एलएनबीच्या पकडीवर रंगाने बारीक खूण करून ठेवावी, म्हणजे त्याच भागातल्या पुढच्या मुक्कामी केवळ खांबाचा ओळंबा आणि आडवी दिशा एवढेच पाहावे लागेल. केबल मोठ्या वेटोळ्यात गुंडाळावी, कनेक्टरवर टोप्या लावाव्यात, आणि छत्रीचा पत्रा अंथरुणांच्या मधे उभा ठेवावा, कारण तो एकदा वाकला की कितीही अचूक दिशा लावली तरी गुणवत्ता पुरती येत नाही.